दुसरा विवाह आणि न लिहिलेला कागद

विधुराचे दुसरे लग्न आपल्या धर्मग्रामांत वाजतगाजत होत नाही. सकाळची लवकरची मिस्सा, दोन्हीकडची मोजकी माणसे, आणि पुढच्या बाकावर नवे कपडे घालून बसलेली, नेमके कोणाकडे पाहावे हे न उमगलेली दोन-तीन मुले. धर्मगुरू प्रसंग ओळखून थोडेच पण चांगले बोलतात. बाहेर आल्यावर आत्या, काकी, मामी एकमेकींना म्हणतात, "बरे झाले बाई, पोरांना आई मिळाली." त्यांत कोणी खोटे बोलत नसते. परंतु त्या सकाळी एक प्रश्न कोणीच विचारीत नाही, आणि तो विचारला गेला नाही म्हणून पंधरा-वीस वर्षांनी तीच मुले आणि तीच आई न्यायालयाच्या एकाच व्हरांड्यात दोन वेगवेगळ्या वकिलांशेजारी उभी असतात. प्रश्न साधा आहे: हे घर, ही वाडी आणि मेलेल्या आईचे सोने उद्या कोणाचे?

असा प्रश्न लग्नाआधी काढणे असभ्यपणाचे, असे आपल्या समाजाने ठरवून टाकले आहे. मृत्युपत्राचा विषय काढला की म्हातारी माणसे कपाळावर क्रूस काढतात. जणू कागद लिहिल्यानेच मरण दारात येऊन उभे राहते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे म्हणून आपण मूठ झाकूनच ठेवतो. आमचे म्हणणे असे की, ज्या घरात पहिल्या आईची मुले आहेत आणि दुसरी आई येत आहे, तेथे ही झाकलेली मूठ दोघांवरही अन्याय करते, आणि हा अन्याय थांबविण्याची पहिली जबाबदारी लग्न लावणाऱ्या ख्रिस्तसभेची आहे. हे म्हणणे पुष्कळांना रुचणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे.

प्रथम कायदा पाहू, कारण या बाबतीत वसईच्या ख्रिस्ती माणसाचे अज्ञान गाढ आहे. शेजारच्या हिंदू कुटुंबांत जे ऐकले ते आपण स्वतःला लावून घेतो. "जमीन वडिलोपार्जित आहे, तिच्यात मुलांचा जन्मतःच हक्क आहे, बापाला ती परस्पर देता येणार नाही," असे आगाशीपासून पापडीपर्यंत कोणत्याही ओट्यावर बिनदिक्कत सांगितले जाते. हे आपल्याला लागू नाही. आपल्याला लागू आहे तो १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा. त्यात ख्रिस्ती मुलाला केवळ जन्मामुळे बापाच्या मिळकतीत कोणताही वाटा मिळत नाही. आजोबांकडून बापाच्या वाट्याला आलेली वाडीसुद्धा सर्वस्वी बापाची. तो ती मृत्युपत्राने वाटेल त्याला देऊ शकतो, मुलांना एक गुंठाही न ठेवता.

आपली आडनावे पोर्तुगीज म्हणून काहीजण गोव्याचा दाखला देतात. गोव्यात वेगळा करार केलेला नसेल तर पतिपत्नींची मिळकत सामाईक धरली जाते, आणि मृत्युपत्र करणाऱ्याला मुलांसाठी आपल्या मिळकतीचा अर्धा भाग राखावाच लागतो. पण वसईतून पोर्तुगीज १७३९ साली गेले, आणि गोव्याचा हा कायदा ज्या नागरी संहितेवर उभा राहिला ती १८६७ ची आहे. पोर्तुगीजांकडून आपल्याला चर्चे मिळाली, आडनावे मिळाली, चार पक्वान्ने मिळाली. मुलांसाठी राखलेला वाटा मिळाला नाही.

आता मृत्युपत्र न करता माणूस गेला तर काय होते? विधवेला एकतृतीयांश, आणि उरलेले दोनतृतीयांश सर्व मुलांना समान. मुलगा-मुलगी असा भेद नाही, पहिलीचा-दुसरीचा असाही भेद नाही. ऐकायला हे न्याय्य वाटते. आम्हांलाही पूर्वी वाटत असे. परंतु असे एक घर आम्ही जवळून पाहिले, आणि गणित पुढे कसे चालते ते कळले.

त्या घरात पहिल्या पत्नीची तीन मुले होती. दुसरीला एक मुलगा झाला. बाप सज्जन, शेतात राबणारा. जेवताना अनेकदा म्हणे, "चौघे मला सारखेच." ती दुसरी आईही वाईट नव्हती, पहिल्या मुलीचे टायफॉइडचे दुखणे तिनेच रात्री जागून काढले होते, हे गल्लीला ठाऊक होते. बाप गेला तेव्हा त्याच्या कपाटात बँकेची पासबुके होती, शेतसाऱ्याच्या पावत्या होत्या, पण मृत्युपत्र नव्हते. कायद्याप्रमाणे विधवेला तिसरा हिस्सा आणि चौघांना प्रत्येकी सहावा हिस्सा मिळाला. म्हणजे आई आणि तिचा मुलगा मिळून निम्मी मिळकत, आणि थोरली तिघे मिळून निम्मी. काही वर्षांनी ती आईही गेली. तिचा तिसरा हिस्सा कोणाकडे गेला? सावत्र मुले तिची वारस नव्हेत. कायदा रक्ताचे नाते पाहतो, जागून काढलेल्या रात्री पाहत नाही. तो सगळा तिच्या मुलाकडे गेला. शेवटी धाकट्याकडे निम्मी वाडी आणि थोरल्या तिघांकडे प्रत्येकी सहावा हिस्सा. 'चौघे मला सारखेच' म्हणणाऱ्या बापाच्या मुलांत एकाला दुसऱ्याच्या तिप्पट मिळाले, आणि यात कोणीही लबाडी केली नव्हती. त्या आईला स्वतःचे मूल नसते तर तिचा हिस्सा तिच्या माहेरी, तिच्या वडिलांकडे किंवा भावंडांकडे गेला असता, आणि वाडीच्या सातबाऱ्यावर परक्या गावची नावे चढली असती.

मात्र या कथेची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती सांगितली नाही तर आम्ही सावत्रआईला नावे ठेवणाऱ्यांच्या पंक्तीत जाऊन बसू. नवरा गेल्यावर थोरली मुले वाटपाचा दावा लावू शकतात. ज्या घरात बाईने आयुष्य काढले, त्या घरातून निघून जाण्याची किंवा आपला हिस्सा विकण्याची वेळ तिच्यावर येते. पूर्वी वाडीत केळी आणि पानवेल होती तेव्हा एवढ्यासाठी कोणी न्यायालयाची पायरी चढत नसे. विरार-नालासोपाऱ्याकडून इमारती सरकत आल्या, गुंठ्याला भाव आला, आणि बिल्डरचा माणूस एका वारसाच्या सहीसाठी दारात बसू लागला. आता तिसरा हिस्सा म्हणजे केळीचे चार घड राहिलेले नाहीत.

आणखी एक अवस्था आपल्याकडे बोललीच जात नाही. विधवा आपले मूल घेऊन दुसऱ्या घरी जाते. ते मूल त्या घरी वाढते, त्या बापाला बाबा म्हणते, म्हातारपणी त्याला दवाखान्यात नेते. पण तो बाप मृत्युपत्र न करता गेला तर त्याला छदामही मिळत नाही. रीतसर दत्तक घेतले असते तर गोष्ट वेगळी. बाल न्याय कायद्याखालील नियमांत सावत्र आईबापाने दत्तक घेण्याची तरतूद आता आहे, परंतु वसईत किती घरांनी तिचा उपयोग केला असेल? गंमत अशी, आणि ही गंमत कडू आहे, की २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या पोषणाच्या कायद्याने 'आईवडील' या शब्दात सावत्र आई आणि सावत्र वडील यांचा स्पष्ट समावेश केला आहे. म्हणजे पोसण्यापुरते नाते कायद्याला मान्य आहे. वारशापुरते मान्य नाही.

ज्यांना अजूनही वाटते की बँकेत नॉमिनी लावला म्हणजे झाले, त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो, त्यामुळे तो मालक ठरत नाही. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे २०२३ साली सांगितले.

मग उपाय काय? उपाय जुना आहे आणि आपल्या कायद्यात आहे. मिळकतीची मालकी मुलांना द्यावी आणि तिचा तहहयात उपभोग पत्नीला द्यावा. घरात ती मरेपर्यंत राहील, वाडीचे उत्पन्न खाईल, तिला कोणी उठवू शकणार नाही. आणि तिच्या पश्चात घर-वाडी ज्या मुलांना बापाने नेमून दिली त्यांनाच जाईल, तिच्या माहेरी किंवा एकट्या तिच्या मुलाकडे जाणार नाही. परदेशी गेलेली आपली माणसे सांगतात की अमेरिकेत दुसऱ्या लग्नाची घरे नेमके हेच 'मॅरिटल ट्रस्ट' या नावाने करतात. मिळकत विश्वस्तांच्या हाती, उत्पन्न हयात जोडीदाराला, मूळ मिळकत शेवटी पहिल्या मुलांना. तेथे ही पद्धत फोफावण्यामागे मृत्यूनंतरच्या कराचाही मोठा भाग आहे. आपल्याकडे मृत्यूनंतरचा तसा कर १९८५ साली रद्द झाला. तेव्हा कर वाचविण्यासाठी आपल्याला हे करावे लागत नाही. दोन आयांच्या मुलांना एका अंगणात सुखाने नांदता यावे, एवढ्यासाठीच करायचे आहे.

साध्या घराला मृत्युपत्र पुरते. मिळकत मोठी असेल, मूल अज्ञान असेल, किंवा बायको आणि थोरली मुले यांचे पटत नसेल, तर १८८२ च्या विश्वस्त कायद्याप्रमाणे खाजगी विश्वस्त निधी करावा. स्थावर मिळकतीसाठी हयातीत असा निधी करायचा तर त्याचा लेख दुय्यम निबंधकांकडे नोंदवावा लागतो. तहहयात हक्काला अटही घालता येते. उत्तराधिकार कायद्याने स्वतःच उदाहरण दिले आहे: मिळकत हयातीपुरती दिली, पण अमुक रान तोडले तर हक्क संपेल, अशी अट. इंग्रज अमदानीतल्या कायदेपंडिताने ते उदाहरण लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे कोणते रान होते कोण जाणे. आम्हांला मात्र ते वाचताना निर्मळ-गासच्या वाड्या आठवल्या. बावखल बुजवू नये, झाडे तोडू नयेत, हे बाप लिहून ठेवू शकतो. घरपट्टी कोणी भरायची, मोडलेले कौल कोणी बदलायचे, हेही लिहावे. भांडणे बहुधा कौलांवरूनच सुरू होतात.

आता ज्या सापळ्यात सावध माणसेही सापडतात त्याकडे येतो. समजा एक विधुर शहाणा निघाला. दुसरे लग्न ठरल्यावर त्याने वकील गाठला, पहिल्या मुलांना वाडी देणारे मृत्युपत्र केले, ते नोंदवलेसुद्धा, आणि निश्चिंत मनाने वेदीसमोर उभा राहिला. त्या क्षणी ते मृत्युपत्र रद्द झाले. उत्तराधिकार कायद्याच्या ६९ व्या कलमान्वये विवाह होताच आधीचे मृत्युपत्र रद्द होते. हिंदूंच्या मृत्युपत्राला हा नियम लागत नाही, आपल्याला लागतो. नोंदणीचा शिक्का त्याला वाचवीत नाही. किती बाप या भ्रमात मेले असतील की आपण मुलांची सोय करून ठेवली आहे! म्हणून मसुदा लग्नाआधी सर्वांसमक्ष वाचावा, पण सही लग्नानंतर करावी. आणि ती पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लांबवू नये, त्याच आठवड्यात करावी. दोन साक्षीदार लागतात, आणि ज्यांना त्या मृत्युपत्रात काही मिळणार आहे त्यांना, अथवा त्यांच्या पतीला वा पत्नीला, साक्षीला घेऊ नये. आपल्या कायद्यात अशा साक्षीदाराचे दान निरर्थक ठरते. आपल्याकडे मात्र साक्षीला हटकून जावईच बोलावला जातो. २००२ च्या दुरुस्तीनंतर ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्राला न्यायालयाचे प्रोबेट सक्तीचे राहिलेले नाही. तेव्हा 'कोर्टकचेरी कोण करणार' ही सबबही गेली.

आता ख्रिस्तसभेकडे वळतो. विधुर लग्नासाठी धर्मग्रामाच्या कचेरीत येतो तेव्हा त्याच्याकडे काय मागितले जाते? बाप्तिस्म्याचा दाखला आणि पहिल्या पत्नीच्या मृत्यूचा दाखला. तीन रविवारी सूचना वाचली जाते. मुलांविषयी कोणी विचारलेच तर ती शिकवणीला येतात ना, एवढेच. वास्तविक १९८३ च्या कॅनन कायद्याचे १०७१ वे कलम सांगते की, पूर्वीच्या संबंधातून झालेल्या मुलांविषयी ज्याच्यावर नैसर्गिक कर्तव्ये आहेत, त्याचा विवाह निकडीचा प्रसंग वगळता बिशपांच्या परवानगीशिवाय लावू नये. हे कलम विधुराला अक्षरशः लागू पडते की नाही, याचा काथ्याकूट जाणकारांनी खुशाल करावा. त्यामागची दृष्टी स्वच्छ आहे: वेदीपाशी येण्यापूर्वी मागे ठेवलेल्या मुलांचे काय केलेस, हे ख्रिस्तसभेने विचारावे. मग आपण का विचारीत नाही?

आमच्या एका मित्राने यावर लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायाकडे बोट दाखविले. भावाशी वाटणी करून द्या म्हणून गर्दीतला एकजण प्रभूकडे आला, तेव्हा प्रभूने वाटणी करणारा होण्यास नकार दिला. मग धर्मगुरूंनी या भानगडीत का पडावे? उत्तर असे की, प्रभूने तेथे लोभाविषयी सावध केले. अनाथाचा वाटा मोघम ठेवा, असे त्याने कोठेही सांगितलेले नाही. त्याच पवित्र शास्त्रात अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात नेमका आपलाच प्रसंग आहे: एका पुरुषाच्या दोन बायका, एक आवडती, एक नावडती, आणि आज्ञा अशी की, आवडतीच्या मुलासाठी नावडतीच्या थोरल्या मुलाचा हक्क हिरावू नये. तेथे तर नावडती निदान हयात तरी असेल. आपल्या घरातली पहिली आई दफनभूमीत आहे आणि तिच्या बाजूने बोलणारे कोणी नाही. बेन सिराच्या ग्रंथातला सल्लाही विसरू नये: हयातीत मुलाबायकोच्या हाती आपली सत्ता देऊ नकोस, पण अखेरच्या वेळी वारसा वाटून दे.

याहून गंभीर एक गोष्ट आहे. चर्चच्या न्यायासनाने पहिला विवाह अवैध ठरविला, एवढ्यावर विसंबून काहीजण दुसरे लग्न करतात. तो निर्णय दिवाणी कायद्यात विवाह संपवीत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले आहे. दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा नसेल तर दुसरी पत्नी वेदीसमोर पत्नी असूनही नवऱ्याच्या मृत्यूनंतर कायद्याच्या दृष्टीने विधवा ठरत नाही. तिचा तिसरा हिस्सा जातो आणि तिच्या मुलांच्या वारसावरही वाद उभा राहतो. अशा स्त्रीला मृत्युपत्राखेरीज आधार नाही. तो हुकूमनामा पाहिल्यावाचून अशी सूचना एकाही धर्मग्रामात वाचली जाऊ नये.

आमची मागणी मोठी नाही. विधुर, विधवा अथवा पूर्वीचे मूल असलेल्या कोणाच्याही विवाहापूर्वी दोघांना, आणि मूल जाणत्या वयाचे असेल तर त्यालाही, धर्मग्रामाच्या कचेरीत एक संध्याकाळ बसवावे. सातबारा, घराचे कागद, पासबुके पुढे ठेवावीत. कोण कोठे राहील, कोणाला काय मिळेल, हे नव्या पत्नीच्या आणि जुन्या मुलांच्या समक्ष बोलले जावे. आपल्या धर्मग्रामांत वकील पुष्कळ आहेत. वर्षातून दोन संध्याकाळी त्यांनी फुकट दिल्या तर कोणाचे नुकसान होणार नाही. मृत्युपत्राचा व्यवस्थापक मात्र पहिलीचाही भाऊ नको आणि दुसरीचाही नको.

यावर लोक काय म्हणतील तेही ठाऊक आहे: "फादर मृत्युपत्राच्या गोष्टी करू लागले, म्हणजे आता वाडी चर्चला." ही कुजबुज आम्ही ऐकली आहे, आणि ती सर्वस्वी निराधार म्हणून झटकून टाकणार नाही. ख्रिस्ती माणसाने धर्मादायाला काही द्यायचे तर ते मरणाआधी किमान बारा महिने लिहून ठेवलेले असले पाहिजे, अशी अट आपल्या कायद्यात होती. ती सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली घटनाबाह्य ठरविली, आणि ते योग्यच झाले. पण अट गेली म्हणून संकोच जाऊ नये. जो कागद धर्मग्रामाच्या कचेरीत बसून तयार होतो, त्यात त्या धर्मग्रामाला एक पैसाही जाता कामा नये, आणि कोणा धर्मगुरूंनी त्याचे व्यवस्थापक होऊ नये. हे पाळता येत नसेल तर आमची मागणी आम्ही परत घेतो.

राहिली सोन्याची गोष्ट. पहिल्या आईचे स्वतःचे दागिने तिच्या मृत्यूबरोबरच वाटले गेले पाहिजेत: तिने मृत्युपत्र केले नसेल तर नवऱ्याला तिसरा हिस्सा, मुलांना दोनतृतीयांश. हे आमच्या पाहण्यातल्या एकाही घरी झालेले नाही. डबा कपाटात राहतो, आणि सणासुदीला नव्या आईच्या गळ्यात ती माळ दिसते, तेव्हा थोरली मुलगी मान खाली घालते. नव्या आईला ती माळ कोणाची हे कोणी सांगितलेलेही नसते. यासाठी वकील लागत नाही. लग्नाच्या सूचना वाचल्या जाण्यापूर्वी एका संध्याकाळी सोनाराला घरी बोलवावे, प्रत्येक नग तोलून वहीच्या पानावर उतरवावा, खाली बापाने आणि थोरल्या मुलीने सही करावी. पानाच्या दोन प्रती कराव्यात. एक घरात राहील. दुसरी मुलांच्या मामाकडे द्यावी.